माझे दहा, जजचे आठ

तुम्ही ड्रोन उडवलाय का? नसेल तर निदान कुणाच्या तरी लग्नात पाहिलाच असेल. फोटोग्राफर रिमोटवरचे दोन्ही हात काढून रुमालाने घाम पुसतो, तरी ड्रोन आपला हवेत जागच्या जागी उभा. जीपीएस आणि सेन्सर त्याला धरून ठेवतात. आता हाच प्रयोग रिमोटवरच्या हेलिकॉप्टरवर करून बघा. एक सेकंद हात काढा, दुसरा सेकंद काढा, तिसऱ्या सेकंदाला तुम्ही गवतात पार्ट्स शोधत असाल.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी मास कॉमवाली. माझा आणि स्क्रू ड्रायव्हरचा संबंध चष्म्याच्या दांडीपुरता. पण माझा मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे, आणि डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला, "ताई, कॉलर होशील का?" मला वाटलं, कुठल्यातरी कॉलेजच्या स्पॉन्सरशिपसाठी फोन लावायचे असतील. तर तसं नव्हतं. एका कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये आरसी हेलिकॉप्टरची स्पर्धा होती, त्याची आयुष्यातली पहिली. अशा स्पर्धेत पायलटच्या शेजारी एक माणूस उभा राहू शकतो, तो कॉलर. पायलटला नजर हेलिवरून हटवता येत नाही, त्यामुळे पुढची कसरत कोणती, किती सेकंद झाले, वारा कुठून येतोय, हे कॉलर त्याच्या कानाशी सांगत राहतो. म्हटलं, बोलायचंच काम आहे ना, मग आपण पास! नाही झाले, ते पुढे सांगते.

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा किडा वळवळत असेल तर आम्ही दीड महिना काय काय केलं ते वाचा. आमच्या चुका तुम्हाला फुकटात मिळतायत.

आधी हे कळू द्या, की बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारं एकावर एक दोन पंखे असलेलं खेळणं म्हणजे हे हेलिकॉप्टर नव्हे. त्या खेळण्याला वर न्यायचं तर पंखा जोरात फिरवावा लागतो. स्पर्धेतल्या हेलिला 'कलेक्टिव्ह पिच' असतो. म्हणजे पंख्याचा वेग जवळपास एकसारखाच राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो. कोन वाढवला की हेलि वर, कमी केला की खाली, आणि कोन उणे केला की हेलि चक्क उलटं होऊनही उडतं. हे सगळं घडवते स्वॉशप्लेट नावाची एक चकती. तीन छोटे सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, तिला खाली-वर आणि तिरकं करतात. चौथा सर्व्हो शेपटीकडचा. मोठा पंखा एका दिशेने फिरतो म्हणून हेलिचं अंग उलट्या दिशेने फिरायला बघतं, त्याला शेपटीचा पंखा अडवतो. दोन्ही अंगठे, दोन स्टिक, चार दिशा, आणि सगळं एकाच वेळी. जर्मनीच्या डीटर श्लूटर यांनी 1970 च्या सुमारास नीट ताब्यात राहणारी आरसी हेलिकॉप्टरं बनवून दाखवली तेव्हा ना जायरो होता, ना कॉम्प्युटर. आज निदान शेपूट सांभाळायला जायरो आहे. तरीही.

भावाकडचं हेलि '450' साइजचं, सेकंडहँड, 22 हजारांचं. हे पैसे त्याने दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवले. मामीचं मत, "तेवढ्यात बरा मोबाइल आला असता." मामांचं मत जास्त गंभीर, कारण भावाची एम-थ्रीची केटी आहे. मामांनी सरळ सांगितलं, "ही एक स्पर्धा कर. त्यानंतर केटी सुटेपर्यंत ते यंत्र माळ्यावर." म्हणजे चान्स एकच. पुढचा कधी, ते गणिताच्या हातात.

आधी स्क्रीनवर आपटा

उडवायला शिकायची सुरुवात मैदानावर करू नका. सिम्युलेटरवर करा. रिअलफ्लाइटसारखी सॉफ्टवेअर आहेत, त्यात तुमचाच ट्रान्समीटर लॅपटॉपला जोडता येतो, म्हणजे अंगठ्यांना खऱ्या स्टिकची सवय होते. स्क्रीनवर आपटलं की एक बटण दाबायचं, हेलि पुन्हा नवंकोरं. भाऊ वहीत तास लिहून ठेवायचा. मैदानावर जाईपर्यंत त्याचे 60 तास भरले होते. आणि मला वाटायचं, हा रात्री गेम खेळतोय.

स्टिकचा 'मोड' मात्र पहिल्याच दिवशी पक्का करा. मोड टूमध्ये वर-खाली आणि शेपटी डाव्या हाताला, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलणं उजव्या हाताला. मोड वनमध्ये वर-खालीचं आणि पुढे-मागेचं काम हात बदलून घेतं. ज्यांच्याकडून शिकणार ते जो मोड वापरतात तोच घ्या. कारण तुम्ही गोंधळलात की तेच तुमच्या हातातून रेडिओ खेचून घेणार आहेत.

शिकायचा क्रम ठरलेला आहे. पहिलं टेल-इन, म्हणजे हेलिची शेपूट तुमच्याकडे. तुम्ही जणू त्याच्या मागे बसलाय, उजवं ते उजवं. मग बाजू तुमच्याकडे. आणि शेवटी नोज-इन, नाक तुमच्याकडे. इथे सगळं उलटं होतं. तुम्ही स्टिक उजवीकडे देता, हेलि तुमच्या डावीकडे जातं. घाबरून आणखी उजवीकडे देता, ते आणखी डावीकडे जातं. आणि झाडावर. आमच्या मैदानावरचे एक काका, वीसेक वर्षं उडवतायत, त्यांनी भावाला एक युक्ती सांगितली. "बाळा, डावं-उजवं विचारच करू नको. नोज-इनला हेलि ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक ने. पडणाऱ्याला हात द्यायचा, बस." मी हे सिमवर करून पाहिलं आणि चाळीस सेकंद टिकले. माझ्यासाठी तो राष्ट्रीय विक्रम आहे.

जागा बघा, मग उडवा

गच्ची, सोसायटीचं पार्किंग, कॉलेजचं ग्राउंड ही तिन्ही नावं डोक्यातून काढून टाका. भावाच्या हेलिच्या एका पात्याची लांबी 325 मिलिमीटर. म्हणजे साधारण फूटपट्टीएवढी. ती मिनिटाला 2,800 वेळा फिरते. मी भावाला हिशेब करायला लावला (केटी आहे ना, सराव होऊ दे). पात्याच्या टोकाचा वेग निघाला सेकंदाला 105 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 380 किलोमीटर. स्पर्धांमध्ये चालणाऱ्या 700 साइजच्या हेलिचं टोक तर ताशी 600 च्या आसपास जातं. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत 19 वर्षांचा मुलगा स्वतःचंच हेलिकॉप्टर उडवताना त्याचा फटका बसून गेला. आणि तो नवशिका नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम मामा-मामींना सांगितलेलं नाही, पण तुम्हाला सांगतेय.

पुण्यात तर आणखी एक गोष्ट आहे. लोहगावला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलंय आणि त्याचा नकाशा ऑनलाइन बघता येतो. आपली छंदाची मॉडेल्स या नियमांच्या बाहेर नाहीत. विमानतळाच्या जवळ उगाच हेलि काढलंत तर पोलिस 'हॉबी आहे सर' ऐकून घेतीलच असं नाही. म्हणून ही मंडळी रविवारी पहाटे पाचला निघून शिरवळच्या पुढे एका माळावर जातात. पहाटेच का? कारण साडेनऊ-दहानंतर वारा उठतो. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी कॉलर व्हायला नकारच दिला असता.

माळावरचा पहिला नियम माझ्याकडून काकांनी तीनदा म्हणून घेतला. बॅटरी जोडायच्या आधी ट्रान्समीटर सुरू, आणि 'थ्रॉटल होल्ड'चा खटका लावलेला. बॅटरी काढल्यानंतरच ट्रान्समीटर बंद. हा होल्ड म्हणजे मोटरचं कुलूप. हेलि हातात असताना चुकून स्टिक सरकली तरी पंखा फिरत नाही. काकांच्या डाव्या हाताच्या करंगळीला एक पांढरी रेघ आहे. "कसं झालं?" असं मी विचारलं तर म्हणाले, "एकदाच विसरलो होतो."

लिपोचे लाड

बॅटरीबद्दल थोडं लांबण लावते, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. ही लिथियम पॉलिमर, सगळे 'लिपो' म्हणतात. एका सेलचा व्होल्टेज नावापुरता 3.7, पूर्ण भरल्यावर 4.2. भावाकडे तीन सेलची, 2200 एमएएचची. पूर्ण भरून आठवडाभर कपाटात ठेवली की फुगते. पूर्ण रिकामी केली तरी फुगते. ठेवायची असेल तर सेलमागे 3.8 च्या आसपास. आणि उडवताना 80 टक्क्यांपेक्षा जास्त पिळायची नाही. 2200 चे 80 टक्के म्हणजे 1760.

मग टायमर किती मिनिटांचा लावायचा? अंदाजाने नाही. चार मिनिटं उडवा, घरी येऊन चार्ज करा, आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघा. भावाला चार मिनिटांना 1500 लागले. म्हणजे साडेचार मिनिटांवर टायमर. साधी त्रैराशिकाची गोष्ट, पण आमच्या माळावर दोघांनी हे न करता हेलि झुडपात उतरवलेलं मी पाहिलंय. चार्जिंग नेहमी समोर बसून, आग न पकडणाऱ्या पिशवीत, आणि सावकाश. 2200 ला 2.2 अँपियर. रात्री लावून झोपायचं नाही. ही मोबाइलची बॅटरी नाही.

नऊ दिवस आधी

स्पर्धेचं स्वरूप असं होतं. पहिल्या फेरीत ठरलेल्या कसरती. उड्डाण, वर्तुळाच्या वर डोळ्यांच्या उंचीला दहा सेकंद हॉवर, मग जागेवरच चार टप्प्यांत पूर्ण गिरकी, प्रत्येक टप्प्यावर दोन सेकंद थांबा. मग आडवा इंग्रजी आठ, आणि वर्तुळात लँडिंग. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, त्याला अवघडपणाच्या आकड्याने गुणायचं. जागतिक पातळीवर एफएआयच्या 'एफ-थ्री-सी' प्रकारातही गुण देण्याची पद्धत अशीच आहे. कसरती अर्थात आमच्या स्वप्नापलीकडच्या. दुसरी फेरी तीन मिनिटांची फ्रीस्टाइल, आणि निकालात तिचं वजन जास्त.

आता एक गोष्ट सांगते, जी मला पटायला वेळ लागला. यूट्यूबवर हेलिकॉप्टरचे व्हिडिओ बघाल तर हेलि जमिनीपासून फूटभरावर उलटं होऊन वेड्यासारखं नाचत असतं. ते बघून वाटतं, स्पर्धा म्हणजे हेच. नवशिक्याची स्पर्धा दहा सेकंदांच्या हॉवरवर जाते. जजला तुमचा लूप आठवत नाही, वर्तुळातून बाहेर गेलेलं हेलि आठवतं. काकांनी भावाची फ्रीस्टाइल कागदावर पाहिली, त्यातल्या अर्ध्या गोष्टींवर काट मारली आणि म्हणाले, "जे दहापैकी नऊ वेळा जमतं तेवढंच न्यायचं." भाऊ दोन दिवस फुगून बसला होता.

नऊ दिवस आधी, गुरुवारी, माळावर तो नोज-इनचा टप्पा घोटत होता. सहावी बॅटरी. मी म्हटलं, "थकलायस, बास कर." तो म्हणाला, "शेवटची." ही 'शेवटची' तुम्ही पण म्हणता ना, पबजीला, चहाला, रीलला? हेलि किंचित उजवीकडे कललं, त्याने घाईत उलटी स्टिक दिली, मग सावरायला झटका दिला. पंख्याचं पातं खाली वाकून शेपटीच्या दांड्याला लागलं. 'खाट्' असा आवाज, आणि शांतता. मी मोबाइलवर शूटिंग करत होते. तो व्हिडिओ मी अजून त्याला दाखवलेला नाही.

दोन्ही पाती, मुख्य शाफ्ट, पात्यांमधली फेदरिंग शाफ्ट, शेपटीचा दांडा आणि मुख्य गिअर. हिशेब 4,300 रुपये. त्यातले दीड हजार माझ्या स्टायपेंडचे आहेत, हे इथे छापून आलं म्हणजे लेखी पुरावा झाला. पार्ट्स कुरिअरने सोमवारी आले. दोन रात्री आम्ही मामांच्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून (हेच वर्तमानपत्र) बसलो होतो.

त्या दोन रात्रींत मी जे शिकले ते ऐका. लोखंडात लोखंडाचा स्क्रू जातो तिथे प्रत्येक ठिकाणी थ्रेडलॉकचा थेंब, नाहीतर थरथरीने स्क्रू आपोआप मागे येतो. पण प्लास्टिकला तो लावायचा नाही. पात्यांचे बोल्ट इतकेच घट्ट, की हेलि आडवं धरलं तर पाती सरळ राहावीत आणि झटका दिला तर हलावीत. दोन्ही पाती फिरताना एकाच पातळीत दिसली पाहिजेत, एक वर एक खाली दिसलं तर एका बाजूची लिंक अर्धा आटा फिरवायची. पट्ट्याचा ताण, वजनाचा तोल, रेंज चेक. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर मोटर बंद होते ना, ते. भाऊ एकेक करत होता, मी यादीवर टिक मारत होते. यादीत 'शेपटी' असं एकच शब्दाचं ओझरतं कलम होतं. त्याने दांडा बदलला, मी टिक मारली.

मैदानावर

शुक्रवारी रात्री एसटीने निघालो. हेलि खोक्यात, खोकं मांडीवर, बॅटऱ्या 3.8 वर. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" भाऊ म्हणाला, "हेलिकॉप्टर." कंडक्टरने एकदा खोक्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि सुटे पैसे मागितले.

मैदानावर नऊ पायलट. चुन्याने आखलेलं वर्तुळ, पायलटची चौकट आणि एक लांब सेफ्टी लाइन. हेलि ती ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला आलं तर त्या फेरीत शून्य. चिठ्ठीत आमचा नंबर सहावा. सहावा म्हणजे साधारण पावणेदहा, म्हणजे वारा. दोन मुलं आमच्याआधी वाऱ्यात वर्तुळाच्या बाहेर गेली. एकाचं हेलि सुरूच होईना, कारण त्याच्या ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्याच मॉडेलचं सेटिंग सिलेक्ट झालेलं. हे पण यादीत लिहा.

आमचा नंबर आला. भावाची बोटं थरथरत होती, मला दिसत होती. मी वारा सांगितला, "डावीकडून, मध्यम." उड्डाण चांगलं झालं. मग हॉवर. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... हेलि अगदी खिळ्याला टांगल्यासारखं. मी दहा म्हटलं, "गिरकी!" आणि तो पुढे गेला. तिसऱ्या टप्प्यावर, नाक आमच्याकडे असताना, ते दोनेक मीटर सरकलं. पण सुटलं नाही. मी त्याच्या ओठांकडे पाहिलं, तो पुटपुटत होता, पडणाऱ्याला हात, पडणाऱ्याला हात. आडवा आठ गोल-गोल भज्यासारखा झाला. लँडिंग वर्तुळात.

मी नाचायचीच बाकी होते. गुणपत्रिका लागली तेव्हा हॉवरला दहापैकी पाच. मी तावातावाने जजकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हॉवर सुंदर होता. पण आठच सेकंद झाला." त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. माझ्या हातात काय होतं? काही नाही. टेन्शनमध्ये माझे दहा म्हणजे घड्याळातले आठ.

तर कॉलर होणाऱ्या प्रत्येकासाठी हे. आठ रुपयांच्या पेनाने यादी करता, मग मोबाइलमधलं फुकटचं स्टॉपवॉच का नाही वापरत? आणि नुसतं 'एक, दोन' मोजायचं नाही, 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजायचं. सरावातही मोठ्याने. दीड महिना मी माळावर हाताची घडी घालून उभी होते. मोजण्याचा सराव मी एकदाही केला नाही, कारण मोजण्यात काय एवढं! भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसरी फेरी

दुपारी फ्रीस्टाइल. पहिल्या फेरीनंतर आम्ही पाचवे होतो. कागदावर उरलेली फ्रीस्टाइल साधी होती. दोन स्टॉल टर्न, एक लूप, एक रोल आणि पुन्हा वर्तुळात. बरी झाली असती तर तिसरा-चौथा नंबर शक्य होता.

फेरीआधी त्याने जमिनीवरच पंखा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "ताई, शेपूट बघ." मला काही दिसेना. मग दिसलं. शेपटीचं टोक बारीक थरथरत होतं, डावी-उजवीकडे, भरभर. जायरोचा गेन जास्त झाला की असं होतं. त्याने गेन कमी केला. थरथर कमी झाली, थांबली नाही. होल्ड लावून, बॅटरी काढून त्याने शेपटीच्या पात्यांचा भाग बोटांनी हलवला. किंचित खुळखुळत होता. म्हणजे गुरुवारच्या आपटण्यात दांड्याबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं, आणि आम्ही 'शेपटी'पुढे टिक मारून मोकळे झालो होतो.

आता इथे मला तुमच्याशी खरं बोलायचंय. मला वाटत होतं, त्याने उडवावं. तीन मिनिटांचा तर प्रश्न. सकाळी तर काहीच झालं नाही. आणि मला लेख लिहायचा होता, लेखाला शेवट हवा होता. मी म्हटलंसुद्धा, "हळू उडव ना, लूप काढून टाक." तो खाली बसला होता, हेलिकडे बघत. लाइनच्या पलीकडे शेदोनशे पोरं उभी होती, पुढच्या रांगेत एक बाई कडेवर मूल घेऊन. शेपटीची लिंक हवेत सुटली तर हेलि स्वतःभोवती गरागरा फिरायला लागतं, आणि मग ते कुठल्या दिशेने जाईल हे पायलटच्या हातात राहत नाही. हे मला माहीत होतं. त्यानेच मला शिकवलं होतं.

त्याचं नाव पुकारलं. त्याने हात वर केला आणि टेबलाजवळ जाऊन सांगितलं, "सर, टेलमध्ये प्ले आहे. मी उडवत नाही." जजनी मान डोलावली, रकान्यात रेघ मारली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. पुढचा नंबर पुकारला गेला. आम्ही नऊपैकी सातवे.

परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी सॉरी म्हटलं, सेकंदांबद्दल आणि त्या 'हळू उडव'बद्दलही. तो म्हणाला, "आठ सेकंद पण कधी एवढा स्थिर राहिला नव्हता गं." मग त्याने बॅगेतून एम-थ्रीचं पुस्तक काढलं. कराडपर्यंत एकच पान उघडं होतं, पण उघडं होतं.

रविवारी डायनिंग टेबलवर शेपूट उघडली. शेपटीच्या एका पात्याच्या ग्रिपमधलं बेअरिंग बोटाने फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. आणि पिचच्या लिंकचा एक स्क्रू दोन आटे मागे आलेला. थ्रेडलॉकचा थेंब तिथे पडलाच नव्हता. मामा चहा घेत बघत होते. त्यांनी तो स्क्रू तळहातावर घेतला, तांदळाच्या दाण्याएवढा. "एवढ्याशावर चालतं होय?" म्हणाले, आणि परत ठेवून दिला.

यादीत आता 'शेपटी'च्या जागी सात ओळी आहेत. हेलि ठरल्याप्रमाणे माळ्यावर गेलंय, बॅटऱ्या 3.8 वर. केटीचा पेपर मे महिन्यात आहे.